अंश सोपा, छेद अवघड: मुंबईच्या गाभ्याची घनता काढताना (प्रकल्प नोंदी)

१ जून २०२५, रविवार

काम असं आहे: मुंबईचा गाभा कुठून कुठपर्यंत, याची नकाशावर रेघ मारायची आणि त्या रेघेच्या आत दर चौरस किलोमीटरला किती माणसं राहतात ते काढायचं. निमित्त किरकोळ. गिरगावातल्या आमच्या मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेत 'मुंबईच्या सर्वांत दाट वस्तीतलं आपलं मंडळ' हे वाक्य दरवर्षी छापून येतं आणि त्याच्या शेजारचा आकडा दरवर्षी बदलतो. एका वर्षी वीस हजार, एका वर्षी एक लाख. वाक्य तेच, मंडळ तेच, वस्तीही तीच. यंदा स्मरणिका माझ्या गळ्यात आहे. गणपती २७ ऑगस्टला, म्हणजे मजकूर ऑगस्टच्या मध्यापर्यंत छापखान्यात हवा.

हाताशी काय आहे: जुना लॅपटॉप, क्यूजीआयएस (नकाशाचं फुकट सॉफ्टवेअर), ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा, २००१ आणि २०११ च्या जनगणनेचे वॉर्डवार तक्ते, आणि शनिवार-रविवारी येणारा भाचा. तो सिव्हिलला आहे, नकाशाचं सॉफ्टवेअर त्याला माझ्यापेक्षा बरं येतं. दुसऱ्या कुणाला आपल्या गावाचा गाभा असाच मोजायचा असेल तर उपयोगी पडावं म्हणून जे अडलं ते इथे लिहीत जाणार आहे.

३ जून

अंश, म्हणजे भागाकारातला वरचा आकडा, अर्ध्या तासात मिळाला. मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, महापालिकेचे नऊ वॉर्ड येतात. आधी २००१, मग २०११:

ए (कुलाबा, फोर्ट): २,१०,८४७ / १,८५,०१४
बी (मांडवी, डोंगरी): १,४०,६३३ / १,२७,२९०
सी (भुलेश्वर, काळबादेवी): २,०२,९२२ / १,६६,१६१
डी (गिरगाव, मलबार हिल): ३,८२,८४१ / ३,४६,८६६
ई (भायखळा, माझगाव): ४,४०,३३५ / ३,९३,२८६
एफ दक्षिण (परळ, शिवडी): ३,९६,१२२ / ३,६०,९७२
एफ उत्तर (माटुंगा, वडाळा): ५,२४,३९३ / ५,२९,०३४
जी दक्षिण (वरळी, लोअर परळ): ४,५७,९३१ / ३,७७,७४९
जी उत्तर (दादर, माहीम, धारावी): ५,८२,००७ / ५,९९,०३९

बेरीज ३३,३८,०३१ आणि ३०,८५,४११. दोन्ही जिल्ह्याच्या छापील आकड्याशी जुळतात. ही बेरीज आधी करून घ्या. पीडीएफमधून तक्ता उचलताना एखादी ओळ गळली तर इथेच सापडते, पुढे सापडत नाही.

७ जून

छेदाशी आलो आणि गाडी अडली.

जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १५७ चौ.किमी. दिलं आहे. त्यावरून २०११ ची घनता येते १९,६५२. उपनगर जिल्ह्याची येते २०,९८०. म्हणजे कागदावर बोरिवली-मुलुंडचा जिल्हा भुलेश्वर-डोंगरीच्या जिल्ह्यापेक्षा दाट! तेही नॅशनल पार्क पोटात घेऊन.

भाचा म्हणाला, "मामा, नकाशावर मोजून बघू." कुलाब्याच्या टोकापासून माहीमच्या खाडीपर्यंतची जमीन मोजली. कशीही मोजली तरी सत्तरच्या पुढे जात नाही. पालिकेच्या तक्त्यांतही शहर विभाग अडुसष्ट चौ.किमी.च्या आसपासच आहे. १५७ ही जमीन नव्हेच. अडुसष्टने भागलं की घनता पंचेचाळीस हजारांवर जाते. माणूस एकही वाढला नाही, घनता सव्वादोन पटींहून जास्त झाली.

स्मरणिकेतला 'वीस हजार' कुठून आला ते कळलं. तो चुकीचा छापलेला नव्हता, सरकारी तक्त्यातून जसाच्या तसा उचललेला होता.

८ जून, रविवार

वॉर्डांच्या सीमा नकाशावर काढून क्षेत्रफळ घेतलं. सी वॉर्ड दोन चौ.किमी. भरला. छापील तक्त्यांत तो १.८ च्या जवळ आहे. सीमा पुन्हा काढली, परत दोन. गल्ल्यागल्ल्यांतून रेघ सरकवून पाहिली, तरी दोन.

दोष रेघेत नव्हता, प्रक्षेपणात होता, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायच्या पद्धतीत. आपण मागे जो रस्त्यांचा नकाशा लावतो तो वेब मर्केटर या प्रक्षेपणात असतो, आणि तो विषुववृत्तापासून लांब जावं तसा जमीन फुगवतो. मुंबईच्या अक्षांशाला, म्हणजे साधारण १९ अंशांवर, क्षेत्रफळ जवळपास १२ टक्के जास्त दिसतं. नागपूरला आणखी थोडं जास्त. क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये क्षेत्रफळाची दोन सूत्रं आहेत: एक पृथ्वीचा गोलवा धरून मोजतं, दुसरं समोरच्या सपाट नकाशावर. आमच्याकडे दुसरं लागलं होतं. सगळे थर यूटीएम ४३ उत्तर या प्रक्षेपणात नेले आणि सी वॉर्ड १.८ वर आला.

यात पूर्ण रविवार गेला. पण १२ टक्के म्हणजे सीच्या बाबतीत दर चौ.किमी.ला नऊ हजार माणसांचा फरक. अख्ख्या गावची लोकसंख्या एका मेनूतल्या पर्यायावर अवलंबून होती.

१५ जून, रविवार

आता गाभा. आधी सोपा मार्ग धरला: एक मध्यबिंदू घ्यायचा आणि वर्तुळ मारायचं. पुष्कळ अभ्यासांत असंच करतात.

मध्यबिंदू कुठला यावर वाद नको म्हणून इतिहासाचा आधार घेतला. फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल, जे १७१८ मध्ये खुलं झालं आणि ज्याच्यावरून चर्चगेट हे नाव आलं. ब्रिटिश काळात मुंबईचे मैल तिथपासून मोजत. त्यातले काही मैलाचे दगड अजून फुटपाथच्या कडेला, निम्मे डांबरात गाडलेले सापडतात. तिथे कंपास रोवून तीन किलोमीटरचं वर्तुळ मारलं.

"मामा, अर्धं वर्तुळ पोहतंय," भाचा म्हणाला.

अर्ध्याहूनही जास्त. पूर्वेला बंदर, पश्चिमेला बॅक बे. वर्तुळाचं क्षेत्रफळ सव्वाअठ्ठावीस चौ.किमी. आणि त्यात निम्मीसुद्धा जमीन नाही. पाणी वगळून मोजलं तरी दुखणं राहतंच: वर्तुळात दक्षिणेला नेव्हीनगरकडचा कुलाबा येतो, जिथे वस्ती विरळ, आणि उत्तरेला जिथे खरी गर्दी सुरू होते तिथे वर्तुळ संपतं. भायखळा बाहेर, कामाठीपुरा बाहेर. पुणे, नाशिक, सोलापूर अशा चहूबाजूंनी वाढलेल्या गावाला वर्तुळ चालेल. मुंबई एका टोकाला जन्मली आणि एकाच दिशेला वाढली, तिला वर्तुळ लागत नाही. पद्धत सोडली.

१६ जून

आज पुढच्या जनगणनेची अधिसूचना निघाली. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७, बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. म्हणजे वॉर्डवार नवे आकडे हातात येईपर्यंत २०११ वरच भागवायचं. तक्त्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत '२०११' लिहून ठेवलं. सध्याच्या काळातलं क्रियापद कुठेही वापरायचं नाही, 'राहतात' नाही, 'राहत होते'.

२२ जून, रविवार

फोर्टात फिरून आलो. रविवारी दुपारी बॅलार्ड इस्टेटच्या रस्त्यांवर पोरं क्रिकेट खेळत होती, स्टंप म्हणून उलटा ठेवलेला क्रेट. एका कमानीखाली दोन रखवालदार डबा खात बसले होते. सोमवारी सकाळी त्याच रस्त्यावरून सरळ चालता येत नाही.

ए वॉर्ड बाराएक चौ.किमी.चा. २०११ मध्ये त्यात १,८५,०१४ माणसं, म्हणजे घनता पंधरा हजारांच्या आसपास, नवाही वॉर्डांत तळाजवळची. हायकोर्ट, मंत्रालय, रिझर्व्ह बँक, शेअर बाजार, पालिकेचं मुख्यालय, चर्चगेट आणि सीएसएमटी ही दोन्ही टर्मिनस, सगळं याच वॉर्डात. गाभा म्हणून कुणीही डोळे मिटून हाच दाखवेल. पण जनगणना माणूस जिथे राहतो तिथे मोजते. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी गणना झाली आणि बेघरांची मोजणी २८ च्या रात्री. विरारहून येऊन नरिमन पॉइंटला बसणारा माणूस विरारमध्ये मोजला जातो. बॅलार्ड इस्टेटचा फुटपाथवर झोपणारा मात्र इथे.

म्हणून मुंबईला दोन गाभे धरावे लागतात. कामाचा गाभा फोर्ट-नरिमन पॉइंट, आणि त्याच्या उत्तरेला वस्तीचा गाभा. हे नवं नाही. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत किल्ल्याच्या भिंती पाडल्या, त्याआधीही तटाबाहेर मोकळं मैदान आणि मैदानापलीकडे देशी वस्ती अशी रचना होतीच. क्रॉस मैदान, आझाद मैदान, ओव्हल हे त्या मोकळ्या पट्ट्याचे उरलेले तुकडे. दोन गाभ्यांमधली फट आजही नकाशावर हिरवी दिसते.

लोकसंख्येची घनता हे राहण्याचं माप आहे. तेव्हा मोजायचा तो वस्तीचा गाभा. ए वॉर्ड बाहेर काढला. हा निर्णय आकडे पाहून घेतलेला नाही, प्रश्न पाहून घेतला आहे. हे मुद्दाम नोंदवतो, कारण ए घेतला तर ए-बी-सी मिळून घनता २९ हजार येते आणि सोडला तर बी-सीची ६८ हजार. नंतर कुणीतरी म्हणणारच, आकडा फुगवायला ए वगळला.

२९ जून, रविवार

दुसरी पद्धत: उंबरठा. दर चौ.किमी.ला पन्नास हजारांच्या वर जो वॉर्ड तो गाभा, खाली तो बाहेर. करायला सोपी, पटवायलाही सोपी.

निकाल: सी ९२ हजारांवर, बी ५१ हजारांच्या जवळ, डी आणि ई बावन्न-त्रेपन्न हजारांवर. छान, एकसंध पट्टा. आणि मग जी उत्तर: सुमारे ९ चौ.किमी.त ५,९९,०३९ माणसं, घनता ६६ हजार. म्हणजे दादर-माहीम-धारावी बीपेक्षा, डीपेक्षा, ईपेक्षा दाट. मधला परळ-वरळीचा पट्टा उंबरठ्याखाली, त्याच्या वर पुन्हा डोंगर. कारण धारावी कुठल्या वॉर्डात आहे ते पाहिलं की कळतं.

दाटीवर गाभा ठरवला तर फोर्टापासून दहाएक किलोमीटरवरची धारावी गाभ्यात बसते. ती दाट आहे, पण शहराचा जुना मध्य नाही. ती एकेकाळी बेटाच्या कडेची, खाडीलगतची जागा होती. म्हणून अट जोडली: उंबरठा ओलांडलेले वॉर्ड एकमेकांना चिकटलेले हवेत आणि साखळी बी-सीपासून सुरू व्हायला हवी. या अटीने बी, सी, डी, ई उरतात. लोकसंख्या १०,३३,६०३, क्षेत्रफळ अठरा चौ.किमी.च्या थोडं वर, घनता छप्पन-सत्तावन्न हजार.

पण डीमध्ये मलबार हिल आहे, खेतवाडीही आहे. दोघांची सरासरी काढून येणारा आकडा दोघांनाही लागू नाही. राजभवनाची झाडी आणि खेतवाडीच्या गल्ल्या एका भागाकारात घालणं म्हणजे आमटीत श्रीखंड. आणि गिरगाव म्हणून आम्ही जे म्हणतो ते वॉर्डांच्या रेघेने मधोमध कापलं आहे: फणसवाडी सीत, खेतवाडी डीत.

यावर उतारा आहे. जनगणनेत वॉर्डाच्या खाली सेक्शन असतात आणि मुंबईच्या सेक्शनांची नावं एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहेत. सीमध्ये मार्केट, धोबी तलाव, फणसवाडी, भुलेश्वर, कुंभारवाडा, खारा तलाव. बीमध्ये मांडवी, चकला, उमरखाडी, डोंगरी. माणसं सेक्शनवार मिळतात. सेक्शनांच्या सीमा मात्र तयार डिजिटल नकाशात मिळाल्या नाहीत, छापील नकाशावरून रस्ता-रस्ता पाहून काढाव्या लागतील. गणपतीपूर्वी ते होणार नाही. तोवर बी आणि सी हा 'आतला गाभा' आणि डी-ई जोडून 'विस्तृत गाभा' अशा दोन रेघा ठेवल्या.

६ जुलै, रविवार

पाऊस. छत्री घेऊन भुलेश्वरात. उद्देश हा की २०११ चा आकडा आज कितपत खरा वाटतो ते इमारतींवरून अदमासायचं. मनात योजना होती विजेचे मीटर मोजायची: एक मीटर, एक बिऱ्हाड.

पहिल्याच चाळीत योजना बारगळली. जिन्याखाली लाकडी फळीवर मीटरांच्या रांगा, खाली ऑइलपेंटने खोली नंबर. निम्म्याहून जास्त नंबरांपुढे आडनावांऐवजी पेढ्यांची नावं. वर गेलो. दुसऱ्या मजल्यावर, जिथे दाराला पूर्वी पितळी पाटी असणार, तिथे दागिन्यांचा कारखाना. दहा बाय बाराची खोली, मांडी घालून बसलेले पाच-सहा बंगाली कारागीर, प्रत्येकासमोर बुटकं मेज, मेजाला चामड्याची झोळी लावलेली, सोन्याचा कीस खाली सांडू नये म्हणून. माळ्यावर गुंडाळलेल्या वळकट्या. विचारलं तर म्हणाले, दिवसा काम, रात्री इथेच.

ही खोली घर की गाळा? जनगणनेच्या घरयादीत 'निवास आणि इतर वापर' असा वेगळा रकाना आहे, तेव्हा निदान तिथे तरी तिची सोय आहे. मीटरवरून काहीच कळणार नाही. शेजारच्या खोलीला मीटर होता, आत कापडाचे तागे आणि दाराला कुलूप. त्याच्या पलीकडे एक आजी एकट्या. तीन मीटर: सहा, शून्य, एक. सरासरी काढायची तरी कशाची?

मीटरचा नाद सोडला. पण एक गोष्ट पक्की झाली: इथली घनता इमारती कमी झाल्याने उतरलेली नाही. इमारती उभ्या आहेत, आतली माणसं बदलली.

१३ जुलै

पुण्याहून एका मित्राचा फोन. तो हेच काम पेठांसाठी करू पाहतोय. त्याने पुणे महापालिकेची २०११ ची लोकसंख्या, ३१,२४,४५८, आजच्या क्षेत्रफळाने भागली आणि घनता आली सहा हजार. तेव्हा पालिका सुमारे २४४ चौ.किमी. होती. २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३, आणि क्षेत्रफळ पाचशेच्या पुढे गेलं. माणसं जुन्या हद्दीतली आणि जमीन नव्या हद्दीतली. जुन्या हद्दीने भागलं तर पावणेतेरा हजार येतात. त्याला म्हटलं, "अरे, तू पालिका सोडच. पेठांच्या हद्दी हललेल्या नाहीत, थेट कसबा-शनिवार-सदाशिव धर आणि तक्त्यात लोकसंख्येचं वर्ष आणि क्षेत्रफळाचं वर्ष असे दोन वेगळे रकाने ठेव."

मुंबईलाही हाच रोग जुन्या आकड्यांत आहे. १९०१ ला शहराची लोकसंख्या ७,७६,००६ आणि बेट तेव्हा २२ चौरस मैल, म्हणजे ५७ चौ.किमी. धरत. आज अडुसष्ट. मधली जमीन भरावाची आहे. नरिमन पॉइंट तर तेव्हा पाण्यात होता. १९०१ ची घनता काढायची तर सत्तावन्ननेच भागायचं.

२० जुलै, रविवार

निव्वळ क्षेत्रफळ. जिथे कुणी राहूच शकत नाही ती जमीन छेदातून काढायची का?

बी वॉर्डात पी. डि'मेलो रोडच्या पूर्वेचा पट्टा गोदीचा. माझ्या नकाशावर तो एक चौ.किमी.च्या आसपास भरला, आणि अख्खा वॉर्ड अडीच. सीमध्ये मरीन लाइन्सच्या बाजूला रेल्वेचे रूळ, जिमखान्यांची मैदानं, चंदनवाडीचं स्मशान मिळून पावएक चौ.किमी. हे काढलं तर:

बी: १,२७,२९० भागिले १.५, म्हणजे ८५ हजारांच्या जवळ.
सी: १,६६,१६१ भागिले १.५५, म्हणजे १ लाख ७ हजार.
दोन्ही मिळून: ९६ हजार.

स्मरणिकेतल्या 'एक लाखा'चंही गोत्र लागलं. कुणीतरी सी वॉर्ड घेतला असणार, २००१ चा. २,०२,९२२ ला १.७८ ने भागलं की १ लाख १४ हजार येतात.

भाच्याचं म्हणणं, मग रस्तेही काढा, देवळं काढा, मंडया काढा. तर्क बरोबर आहे आणि म्हणूनच थांबायची जागा आधी ठरवावी लागते. मी नियम केला: सलग, कुंपण असलेली आणि सार्वजनिक वस्तीला बंद असलेली मोठी जमीन तेवढी वगळायची. गोदी, रूळ, लष्कर, जिमखाने, स्मशान. रस्ता वगळायचा नाही, कारण या वस्तीत रस्ता घराचाच भाग आहे. खाट तिथे पडते, पापड तिथे वाळतात, मांडव तिथे पडतो.

बेटावर या नियमाने बरंच काही छेदातून जातं. एकट्या बंदराची जमीन सुमारे १,८०० एकर, म्हणजे सात चौ.किमी.हून जास्त, बेटाचा दहावा हिस्सा. महालक्ष्मीचं रेसकोर्स त्याहून वेगळं.

२७ जुलै

शंभर मीटरच्या चौकोनांत जगाची लोकसंख्या वाटून दिलेले नकाशे फुकट मिळतात. वाटलं, सेक्शनच्या सीमा काढायचा त्रास वाचेल. उतरवले आणि रंगवून पाहिले. नरिमन पॉइंटच्या ऑफिसांच्या मनोऱ्यांत भरपूर 'रहिवासी' आणि भुलेश्वर त्या मानाने फिकं.

कारण उघड आहे. हे नकाशे मोठ्या विभागाची बेरीज घेऊन ती उपग्रहाला दिसणाऱ्या बांधकामावर पसरवतात. बांधकाम आहे म्हणजे माणूस राहतो, हे गृहीतक खेड्यात चालतं, फोर्टात पडतं. गावाबाहेरची वाढ पाहायला ठीक. शहराच्या पोटातल्या मोजणीसाठी नको.

३ ऑगस्ट, रविवार

२००१ ते २०११ ची टक्केवारी काढली. हे खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, कारण इथे छेद लागतच नाही.

सी १८ टक्क्यांनी घटला. जी दक्षिण साडेसतरा. ए बारा, ई जवळपास अकरा, बी आणि डी साडेनऊच्या आसपास, एफ दक्षिण नऊ. वाढले फक्त दोन: एफ उत्तर जेमतेम एक टक्का आणि जी उत्तर तीन टक्के. अख्खा जिल्हा साडेसात टक्क्यांनी कमी. सर्वांत दाट वॉर्डच सर्वांत जोरात रिकामा होत होता.

जी दक्षिण आणि एफ दक्षिण म्हणजे गिरणगाव. १९८२ चा संप आणि त्यानंतर गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. सीची गोष्ट वेगळी. तिथे गिरणी नव्हती, बाजार होता, आणि बाजार अजून आहे, तोच खोल्या खातोय. भाडं १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेलं, मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला पागडी घेऊन खोली सोडणं परवडतं. सहा माणसांचं बिऱ्हाड डोंबिवलीला जातं आणि खोलीत ताग्यांचा ढीग येतो. ज्यांची इमारत धोकादायक ठरली ते संक्रमण शिबिरात. ते शिबिर दुसऱ्याच वॉर्डात असतं, त्यामुळे माणूस कागदोपत्री गिरगावकर असला तरी मोजला जातो तिकडे. उपकरप्राप्त (म्हणजे ज्यांच्या दुरुस्तीसाठी वेगळा उपकर घेतला जातो त्या) इमारतींची मूळ यादी १९,६४२ ची, त्यातल्या १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. त्या प्रामुख्याने याच पट्ट्यात.

आणखी मागे गेलं तर हा भाग मुद्दाम विरळ करण्याचा पहिला प्रयत्न १८९६ च्या प्लेगनंतरचा. १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला, त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड या दाटीतून काढले आणि दादर-माटुंग्याला नवी वस्ती आखली. हवा खेळावी हा हेतू. जे ट्रस्टला रस्ते कापून जमलं नाही ते बाजाराने कुलपं लावून केलं.

१० ऑगस्ट, रविवार

मंडळात बैठक. अध्यक्षांसमोर तक्ता ठेवला. त्यांनी चष्मा वर केला.

"अरे, एक आकडा सांग ना. हे काय, पाच-पाच?"

"अण्णा, वर माणसं तीच आहेत, खाली जमीन बदलते."

"मग मोठा कुठला?"

"सीचा निव्वळ. पण तो आपल्या सगळ्या गिरगावाचा नाही. अर्धं गिरगाव डीत आहे."

"आपला मांडव कशात आहे?"

मांडव सीत आहे, हे मान्य करावं लागलं. तरी बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: मथळ्यात आकडा नाही. आत छोटी चौकट, तिच्यात तीन ओळी. २०११ मध्ये बी आणि सी वॉर्डांत मिळून २,९३,४५१ माणसं राहत होती. या दोन वॉर्डांची पूर्ण जमीन धरली तर दर चौ.किमी.ला सुमारे ६८ हजार, गोदी-रूळ-मैदानं वगळली तर सुमारे ९६ हजार. २००१ मध्ये याच वॉर्डांत ३,४३,५५५ माणसं होती. 'सर्वांत दाट' हे शब्द काढले. अण्णांना ते आवडलेलं नाही.

आजवरचा खर्च: मोठ्या नकाशाची दोनदा काढलेली प्रिंट, झेरॉक्स, लोकल. हजाराच्या आत. वेळ मुख्यतः प्रक्षेपण आणि वर्तुळ यांत गेला. ही नोंद आधी वाचणाऱ्याचे ते दोन रविवार वाचावेत.

१४ सप्टेंबर, रविवार

विसर्जन झालं, आता सेक्शनांच्या सीमा. सीपासून सुरुवात केली. कुंभारवाडा आणि खारा तलाव काढून झाले, भुलेश्वर चालू. जुन्या नकाशावरची रस्त्यांची नावं बदलली आहेत, म्हणून प्रत्येक रेघेशेजारी जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं टिपतोय. जिथे रेघ गल्लीच्या मधून जाते तिथे ती मध्यावरच ठेवायची, कुठल्याही बाजूच्या भिंतीवर नाही. नाहीतर दोन शेजारी सेक्शनांच्या मध्ये फट राहते किंवा ते एकमेकांवर चढतात, आणि बेरीज १.८ ला जुळत नाही. भाच्याने प्रत्येक नवा सेक्शन जोडला की बेरीज आपोआप तपासणारं सूत्र लावून दिलं आहे.

नव्या जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ नंतर गोठणार आहेत. त्याआधी वॉर्डांची रेघ कुठे हलली तर दोन्ही रेघा वेगळ्या थरांत ठेवायच्या, जुनी पुसायची नाही. सी संपला की डीतली खेतवाडी आणि गिरगाव, मग ईमधला कामाठीपुरा आणि दोन्ही नागपाडे. मलबार हिल शेवटी, किंवा नाहीच.